नागमणीचा उरक

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत दोन बायका भेटल्या की "जेवलीस का?" असं विचारायची जुनी रीत होती. गेल्या चार वर्षांत ती मागे पडली. आता विचारायचं, "आज उरक किती?" आणि समोरचीनं मनगटावरची छोटी काच उन्हाकडे तिरपी करून आकडा सांगायचा. कमी असला तर ऐकणारी हळहळायची, जास्त असला तर हसायची. या गल्लीत हसण्याचेच प्रसंग फार, कारण इथल्या बायकांचा उरक काही केल्या खाली येत नसे.

नागमणी गाजूल त्या दिवशी पहाटेपासून भाकऱ्या थापत होती. कडक भाकरीचं गिऱ्हाईक तेवढं टिकून होतं. विड्या गेल्या, माग गेले, पण पुण्या-मुंबईच्या लोकांना सोलापूरची वाळवलेली भाकरी अजून लागते. भाकऱ्या झाल्या, मग पाकिटं भरून झाली, नवऱ्याला वाफ देऊन झाली, पाणी भरून झालं. दिवस कलता कलता ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "दमले बाई."

आत खाटेवर बसलेल्या अंबादासनं तिच्या मनगटाकडे पाहिलं. "ब्याऐंशी दाखवूलालंय की."

त्यात टोमणा नव्हता. अंबादास तसा टोमणे मारणारा माणूस नव्हता. पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून त्याच्या छातीत सुताचा भुगा बसला होता, चार पावलं टाकली की धाप लागायची. "पाऊस येऊलालाय" म्हणावं तसं तो म्हणाला. पण नागमणीनं हातावरच्या काचेकडे बघितलं आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं. ब्याऐंशी आहे म्हणजे आहे. मग पाठ का मोडलीय? नाटकं असतील. ती उठली आणि भांडी घासायला बसली.

*

यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. काम करताना शरीरातल्या पेशींची बारीकसारीक मोडतोड होते आणि झोपेत, विश्रांतीत तिची डागडुजी होते. डागडुजी बाकी राहिली की त्या पेशी एक प्रथिन बाहेर टाकतात आणि ते घामात उतरतं. हे प्रथिन संशोधकांच्या हाती लागलं आणि थकवा ही सांगायची गोष्ट राहिली नाही, मोजायची झाली. खांद्यामागे चिकटवलेली पट्टी घाम तपासायची, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बघायची, स्नायूंची थरथर टिपायची आणि या सगळ्यातून एक आकडा काढायची. या माणसात आज किती काम शिल्लक आहे, ते मनगटावरच्या काचेत सांगणारा. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला उरक म्हटलं.

पण एकाचा घाम दाट, दुसऱ्याचा पातळ. एकाची नाडी जात्याच जोरात. म्हणून शास्त्रज्ञांनी मोठ्या न्यायबुद्धीनं ठरवलं, की कुणाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही, ज्याची त्याच्याशीच करायची. पट्टी लावल्यावर पहिले चौदा दिवस यंत्र आकडा दाखवत नाही, नुसतं बघतं. त्या चौदा दिवसांत माणूस जसा असेल, तो त्याचा पाया. तो म्हणजे शंभर. पुढचं सगळं त्या शंभरातून उणं.

कुटुंब आधार योजना या आकड्यावर चालायची. ज्या घरात पक्की कमाई नाही, त्या घराला महिन्याचा आधार मिळे. बदल्यात घरातल्या एका तरी पात्र माणसानं आधार केंद्र सांगेल ते प्रशिक्षण किंवा सांगेल ती नोकरी धरायची. केंद्र बसचा पास देई, कामाचे बूट देई, लहान पोरांना पाळणाघर देई. नोकरी नाकारली की आधार बंद. मात्र सलग दोन आठवडे उरक चाळिसाच्या खाली असला तर त्या माणसाला सूट. पूर्वी अशी सूट डॉक्टरच्या दाखल्यावर मिळायची आणि दाखला कसा मिळायचा हे सगळ्यांना माहीत होतं. पट्टी आली तेव्हा बायका हरखल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं दमणं खरं मानणार होतं.

अंबादासचा उरक अठ्ठावीस-तीस असायचा. त्याला सूट होती. नागमणी इतकी वर्षं केंद्राच्या शिवण प्रशिक्षणाला जाऊन तास भरत होती. आता तिच्या नावानं नोकरीचा आदेश आला होता. शहराबाहेरच्या मोठ्या गोदामात लोकांनी परत पाठवलेले कपडे तपासायचे. यंत्रं कपडा उचलतात, झटकतात, मोजतात, पण तो अंगात घालून परत केलाय की तसाच, हे वास घेऊन सांगायला अजून माणूसच लागतो. दहा तास उभं राहून लोकांच्या काखांचा वास घ्यायचा. जायला एक तास, यायला एक तास.

"मग यांना वाफ कोण देणार? भाकऱ्या कोण करणार?" नागमणीनं विचारलं.



*

केंद्रात त्याच महिन्यात माशाळ मॅडम बदलून आल्या होत्या. उज्ज्वला माशाळ, अक्कलकोटच्या. पन्नाशीला आलेल्या, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या. आदेश दिलेल्या घरी एकदा जाऊन यायचं, असा नियम होता आणि तो पाळणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच. त्या नागमणीच्या दारात आल्या तेव्हा शेजारच्या नरसम्मा काकू पीठ चाळत होत्या आणि नागमणी ते मळत होती.

"एक विचारू का?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत पस्तिशीच्या वरच्या एकाही बाईचा उरक सत्तरच्या खाली नाही. बाकी शहरात पन्नाशीच्या आसपास असतो. तुम्ही खाता तरी काय?"

नरसम्मा खूश झाल्या. "खातोय काय, कष्ट हाय मॅडम. मशीन आलं तवा बघायचं होतं तुम्ही आमाला! चौदा दिवस पाठ टेकली नाय कुणी."

"म्हणजे?"

मग नरसम्मांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. या गल्लीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. विडी कारखान्याचं कार्ड हा बायकांचा जीव की प्राण. माल कमी पडला की कार्ड मरायचं. म्हणून साहेब तपासणीला येणार म्हटलं की विड्यांचं सूप भरलेलं दिसलं पाहिजे, हे पोरींना चालायला यायच्या आधी कळायचं. पट्टीचं शिबिर आलं तेव्हा शेवटचा कारखाना अजून धडपडत चालू होता. नर्सबाई म्हणाल्या, चौदा दिवस मशीन तुम्हाला बघणार. रोज करता तसंच करा. रोज करता तसंच? साहेबासमोर? गल्ली दुप्पट कामाला लागली. मशीनला दिसू दे बायका किती राबतात, म्हणजे त्याला दया येईल. तिसऱ्या घरच्या सरोजानं तर चौदा दिवसांत घराला चुना दिला.

"आणि ही नागमणी," नरसम्मा म्हणाल्या, "हिची सासू अंथरुणात होती तवा. दिवसा विड्या, रात्री सासू. पंधराव्या दिवशी म्हातारी गेली."

माशाळ मॅडम डोक्याला हात लावून पायरीवर बसल्या. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मशीन दया करत नाही. त्यानं तुमचं मरेस्तोवर राबणं पाहिलं आणि हेच तुमचं नेहमीचं, असं लिहून ठेवलं. आता तुम्ही तेवढ्याच दमलात की ते म्हणतं, ठीक आहे, ताजी आहे.

"आणि पुरुषांचं शिबिर कधी होतं?"

"दिवाळीत," अंबादास आतून म्हणाला. "माग बंद होते. पंधरा दिवस झोपून होतो मी."

 नागमणीला राग यायला हवा होता, पण तिला आधी हायसं वाटलं. म्हणजे ती नाटकं करत नव्हती. चार वर्षं रोज संध्याकाळी तिनं स्वतःला खोटं ठरवलं होतं आणि खोटी ती नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तर तिनं पिठाचाच हात डोळ्यांना लावला.

मॅडमनी नियम शोधून काढला. पाया बदलता येतो, पण आयुष्यात एकदाच. त्यासाठी सलग चौदा दिवस पूर्ण विश्रांती. उठून कामाला लागलं की पट्टीला कळणार आणि अर्ज रद्द. अर्जाचा निकाल लागेपर्यंत आदेश थांबवता येईल.

"चौदा दिवस नुसतं पडायचं?" नागमणी म्हणाली. "कुणी ऐकलं तर शेण घालतील तोंडात."

"गप," नरसम्मा म्हणाल्या. "बाळंतीण समजायचं स्वतःला."

विड्यांच्या दिवसांत गल्लीत एक पद्धत होती. बाई बाळंत झाली की तिचं कार्ड मरू नये म्हणून प्रत्येक घर आपल्या मालातून मूठभर विड्या तिच्या नावानं काढायचं. त्याला बाळंतिणीचा वाटा म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून चौदा घरांनी नागमणीच्या नावानं थोड्या थोड्या भाकऱ्या थापायला सुरुवात केली. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाळंतीण झालेल्या नागमणीला येणारी जाणारी विचारायची, "काय झालं गं, मुलगा का मुलगी?"

*

विश्रांती घेणं हे काम नागमणीला येत नव्हतं. पहिले चार दिवस ती खाटेवर ताठ पडून राहिली. हात आपोआप चालायचे. दुधाचा वास आला की उतू जातंय म्हणून ती अर्धी उठायची आणि मुलगी श्रावणी ओरडायची, "आई, झोप!" श्रावणीला अठरा पूर्ण होऊन महिना झाला होता, तिलाही पट्टी लागली होती, ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज, भाकऱ्या आणि बापाची वाफ सांभाळताना तिचं तोंड पहिल्या आठवड्यात एवढंसं झालं होतं. ते बघवत नव्हतं, पण बघत पडून राहण्यावाचून इलाज नव्हता.

पाचव्या दिवशी झोप आली. ती दुपारी आली ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत उतरली नाही. मग रोज येत राहिली. आणि दहाव्या दिवशी एक विचित्रच गोष्ट घडली. अंबादासनं भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती परातीला चिकटली, सोडवताना त्याच्या नाकाला पीठ लागलं आणि नागमणी हसली. आवाज ऐकून श्रावणी आतल्या खोलीतून धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. हसले."

"तू?"

श्रावणीला हे विचारावंसं वाटलं, यात काही चूक नव्हती. नागमणी तापट म्हणून गल्लीत प्रसिद्ध होती. माहेरीही आता तसंच म्हणायचे. तिला स्वतःलाही ते मान्य होतं, एकेकाचा स्वभाव. पण या चार-सहा दिवसांत दूध उतू गेलं, वही हरवली, अंबादासनं वाफेचं भांडं लवंडलं, आणि तिला राग आलाच नाही. ती पडल्या पडल्या विचार करत राहिली. म्हणजे मी तापट नाहीच. अठरा वर्षं या पोरीवर ओरडले, ते दमलेपण ओरडत होतं. हे सुखाचं की दुःखाचं, ते तिला ठरवता येईना.

अकराव्या दिवशी दुपारी तिला अंबादास दिसेना. कान दिला तर मागच्या बोळातून बारीक, दाबलेला आवाज येत होता. तो तोंडात टॉवेल कोंबून खोकत होता, तिनं उठू नये म्हणून. नागमणीनं खाटेची कड घट्ट धरली. उठावं तर तिचे अकरा दिवस जातात. न उठावं तर तो तिथं एकटा. खोकला थांबेपर्यंत ती तशीच धरून राहिली. तो आत आला, डोळे लाल, आणि म्हणाला, "नरसम्माकडं गेलो होतो." तिनं मान हलवली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. इतकं प्रेमाचं खोटं त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

*

नवा पाया नोंदला गेला. नागमणी परत कामाला लागली. पहिल्या आठवड्यात आकडा पंचेचाळीसवर आला, दुसऱ्यात चौतीसवर. पुढच्या दोन आठवड्यांत तो चाळिसाच्या वर गेलाच नाही. शेवटच्या दिवशी काचेत एकवीस होतं.

अंबादास तो आकडा बराच वेळ बघत बसला. "चार वर्षं असंच होतं काय गं हे? मी रोज म्हणायचो, ब्याऐंशी हाय."

"तुम्हाला काय माहीत."

"मला दिसत होतं की पण," तो म्हणाला. "डोळ्याला दिसत होतं. तरी मी हाताकडं बघायचो."

सूट मंजूर झाली. गल्लीनं चहा केला. पुढचा नंबर सरोजाचा लावायचा, की नरसम्मांचा, यावर भांडण जुंपलं. नागमणी भिंतीला पाठ टेकून ते ऐकत बसली होती तेवढ्यात माशाळ मॅडमचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"नागमणीताई, उद्या सकाळी दोघं केंद्रात या. मुलीला काही सांगू नका."

*

मॅडमनी दार लावून घेतलं. समोरच्या पडद्यावर गाजूल कुटुंब दिसत होतं. तीन नावं, तीन आकडे. अंबादास, अठ्ठावीस. नागमणी, एकवीस. श्रावणी, एक्क्याण्णव.

"आधी लक्षात यायला हवं होतं माझ्या," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा दोघांना सूट मिळाली की घरात पात्र माणूस उरतं ते एकच. अठरा पूर्ण झालेली. यंत्रानं गोदामाचा आदेश तिच्या नावावर टाकलाय. दुपारी बारानंतर तिच्या फोनवर जाईल."

"ती शिकूलाली की!" अंबादास म्हणाला. "कॉलेजला हाय ती."

"शिक्षणाची सूट आहे. पण घरात दुसरा पात्र माणूस असेल तरच. नाही गेली तर तिघांचाही आधार बंद. औषधंसुद्धा त्यातूनच येतात तुमची."

"मग मला पाठवा. माझं नाव लिहा."

"तुमची छाती बघून गोदामवाले दारातून परत पाठवतील. दोनदा विचारून बघितलं मी."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथं देणारं आणि नेणारं एकच खातं होतं. नागमणीला श्रावणीचं ते एवढंसं झालेलं तोंड आठवलं. त्या चौदा दिवसांत पोरगी जशी दिसली, तशीच ती पुढची वीस वर्षं दिसेल. मग तीही तापट म्हणून प्रसिद्ध होईल.

"माझी सूट परत घ्या," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना हे अपेक्षित असावं, कारण अर्ज काढून ठेवलेला होता. "तशी सोय आहे. आकडा कमी असला तरी माणूस स्वतः म्हणाला की मी काम करू शकतो, तर त्याचा शब्द मोठा मानायचा, असा नियम आहे."

"आणि मी दमले म्हणाले असते, तेव्हा?"

"तेव्हा आकडा मोठा."

नागमणीला हसू आलं. हल्ली येत असे. "द्या. कुठं सही करायची?"

"सही नाही चालत. कॅमेऱ्यासमोर वाचायचं, म्हणजे कुणी जबरदस्ती केली असं पुढं कुणी म्हणायला नको. आणि घरातला एक साक्षीदार लागतो." मॅडमनी चष्मा परत घातला. "ताई, मी हे बदलायला वर लिहीन. आजच लिहीन. पण त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. खोटं आश्वासन देत नाही."

"तिचंही तीन वर्षांचंच हाय कॉलेज," नागमणी म्हणाली.

पडद्यावर अक्षरं आली. तिनं पदर नीट केला, सरळ बसली आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "मी, नागमणी अंबादास गाजूल, स्वखुशीनं सांगते, की मी थकलेली नाही. मी रोज दहा तास उभ्यानं काम करू शकते." आवाज एकदाही अडखळला नाही.

मग कॅमेरा अंबादासकडे वळला. यंत्रातल्या गोड आवाजाच्या बाईनं विचारलं, "साक्षीदार, आपण यांच्यासोबत राहता. यांनी सांगितलेलं आपल्या माहितीप्रमाणे खरं आहे का?"

 अंबादासनं तिच्या मनगटाकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, एकेक रेघ वाचावी तसा. यंत्रानं प्रश्न पुन्हा विचारला. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"चेप्पु," नागमणी घरच्या तेलुगूत हळूच म्हणाली. बोल.

"मला दिसूलालंय गं," तो पुटपुटला.

"माहीत आहे. बोला आता. बारा वाजतील."

त्यानं छातीवर हात दाबून धरला, खोकला गिळला आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "होय. खरं आहे. ती दमलेली नाही."

यंत्रानं दोघांचे आभार मानले आणि सकाळची बस कुठल्या थांब्यावर सोयीची पडेल, असं विचारलं. अंबादासनं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. थांबा नागमणीनंच सांगितला.